सातवी कॅसेट

माझं लग्न ठरलं तेव्हा यांच्या पहिल्या बायकोबद्दल मला फार काही सांगितलं नव्हतं. ती करजगीची होती, दोन वर्षं नांदली आणि काविळीनं गेली, एवढंच. मूलबाळ नव्हतं. माझे वडील हुलसूरला शाळेत गुरुजी होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं की मुलगा दारू पितो का. पीत नव्हते. गुलबर्ग्याला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सासऱ्यांनी काढलेला फोटो स्टुडिओ होता, आणि आता हे लग्नाचे व्हिडिओही काढत होते. धम्म घेतलेल्या घरांत तेव्हा मास्तर, कारकून, पोलीस असे जावई असत. फोटोवाला जावई आमच्या गल्लीत पहिलाच.

नव्या घरात शिरल्यावर मी आधी भिंती बघितल्या. सासू-सासऱ्यांचा फोटो होता, विहाराच्या उद्घाटनाचा होता, तिचा नव्हता. शेजारणीनं आपणहून सांगितलं की लग्नाच्या एका फोटोत ती आहे, पण मान खाली. फोटोवाल्याची बायको असून तिचा एक धड फोटो नाही, असं ती शेजारीण म्हणाली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज सांगायला हरकत नाही.

महिना-दोन महिन्यांत यांनी मला एडिटिंग शिकवलं. मागच्या खोलीत टेबलावर दोन व्ही.सी.आर., मध्ये टीव्ही. एका मशीनमध्ये शूटिंगची मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवं तेवढं इकडून तिकडं उतरवायचं आणि नको ते येण्याआधी बोट दाबायचं. माझं बोट लवकर बसलं. हे बाहेर गेले की मी दिवसभर त्या खोलीत. अनोळखी लोकांच्या हळदी, वराती, रुसवे बघत भाजी निवडायची, आणि जागा आली की बटण दाबायचं.

सगळ्यात अवघड होतं चित्र थांबवणं. सुरुवातीला नवरा-नवरीचं चित्र थांबवून त्यावर नावं टाकायची पद्धत होती. पण थांबवलं की चित्र थरथरायचं. हाराचा हात वर जात असेल तर एकाच हाताच्या दोन कडा दिसायच्या, कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा. मशीन बिघडली असं मला वाटलं. यांनी समजावलं की टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं. आधी एक सोडून एक अशा ओळी भरतात, मग पुन्हा वरून येऊन सुटलेल्या ओळी. मला ते लगेच कळलं. वडील कागद कमी पडला की आम्हाला एकरेघी वहीत असंच लिहायला लावायचे, एक ओळ सोडून एक, आणि पान संपलं की सुटलेल्या ओळींवर परत. फक्त इथं सेकंदाला पंचवीस पानं, म्हणजे पन्नास फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मधे माणूस हलला तर दोन अर्धी एकमेकांना जुळत नाहीत. चालू असताना डोळ्याला पत्ता लागत नाही. थांबवलं की ती दोन्ही आळीपाळीनं दिसत राहतात.

यावर इलाज एकच होता, माणसं हललेली नसतील तो क्षण शोधणं. तो मला सापडला. मांडवात दुसरा फोटोवाला असतोच. तो फ्लॅश उडवायच्या आधी ‘रेडी’ म्हणतो आणि सगळे ताठ होतात. मी बरोबर तिथं थांबवायची. माझी चित्रं दगडासारखी स्थिर असत. लोक यांना विचारू लागले की एडिटिंग हैदराबादला करून आणता का. हे हसून माझ्याकडं बोट दाखवत. त्या दिवसांत मी खूश होते.

मूळ कॅसेटी पुन्हा पुन्हा वापरायच्या असत. पक्की कॅसेट गिऱ्हाइकाला दिली की मूळ कॅसेटवर पुढचं लग्न. फक्त कपाटाच्या वरच्या फळीवरच्या सात कॅसेटींना हात लावायचा नाही, असं यांनी बजावलं होतं. कामून, म्हणून विचारलं तर म्हणाले, खराब हाईत, मशीनचं हेड घाण करतेत.

खराब असतील तर टाकून का देत नाहीत, हा प्रश्न मला वर्षभर पडला नाही. पडला तेव्हा हे चिंचोळीला एका लग्नाला गेले होते. मी स्टुलावर चढून पहिली कॅसेट काढली आणि मशीनमध्ये घातली.

पडदाभर पांढरं आलं, बाकी काही नाही. मग ते पांढरं हललं, आणि कळलं की कॅमेऱ्यासमोर कोणीतरी कागद धरला आहे. शूटिंग सुरू करण्याआधी रंग बरोबर यावेत म्हणून कॅमेऱ्याला पांढरं दाखवावं लागतं. ते दाखवताना रेकॉर्ड होतंय का हेही हे बघून घेत. यांचा आवाज आला.

“अजून वर. अजून जरा. हं, बास, राणीसाहेब.”

कागद खाली आला आणि मागं ती हसत होती. निळी साडी, खांद्याला जड रेकॉर्डरचा पट्टा. तीन-चार सेकंद ती नुसती हसत उभी राहिली, मग “झालं न्हवं?” म्हणाली, आणि पुढं कुणाच्या तरी लग्नाची वाजंत्री सुरू झाली.

मी सातही बघितल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला तेच, पांढरा कागद, यांचा आवाज, ती. एकीत तिच्या कपाळावर घाम होता. एकीत तिनं कागदामागून आधी एक डोळा दाखवला. एकीत ती कॅमेऱ्याकडं बघून असं तोंड वाकडं करते की हे हसतात आणि सगळं चित्र हलतं. सातवीत मात्र ती जवळजवळ दिसतच नाही. कागद खाली यायला लागतो आणि तेवढ्यात यांनी बटण बंद केलेलं.

मी सुंदर नाही असं नाही. तीही फार सुंदर नव्हती, दात थोडे पुढं होते. मला लागलं ते दुसरंच. मला हे कधी कशानंही हाक मारत नसत. ‘ऐकलीस का’ म्हणत, फार तर ‘अगं’. राणीसाहेब हा शब्द या माणसाच्या तोंडून येऊ शकतो हे मला टीव्हीनं सांगितलं. आणि तो पट्टा. तेव्हाचे कॅमेरे वेगळे होते, कॅमेरा यांच्या खांद्यावर, रेकॉर्डर तिच्या खांद्यावर, आणि मधे हातभर तार. हे जिकडं जातील तिकडं तिला जावं लागे. अफझलपूर, आळंद, गाणगापूर, सगळीकडं ती यांच्यापासून एका तारेच्या अंतरावर फिरली होती. मी मागच्या खोलीत बसून त्याच गावांतली लग्नं काचेतून बघत होते.

हे आले त्या दिवशी मी म्हटलं, पुढच्या लग्नाला मला न्या. त्यांना नवल वाटलं. तू येऊन काय करणार, इथलं कोण बघणार, असं म्हणाले. मी हट्टच धरला तेव्हा आळंदच्या एका लग्नाला घेऊन गेले. मी पिशवीत एक कोरा कागद घेतला होता. मांडवात पोचल्यावर मी तो काढून उभी राहिले. यांनी कॅमेरा समोरच्या चुन्याच्या भिंतीकडं वळवला आणि रंग जुळवून घेतले.

“कागद आणलाय मी,” मी म्हटलं.

“कशाला? भिंत हाय की.”

रेकॉर्डरचं काय, मी धरू का, असंही विचारलं. यांनी नवा कॅमेरा थोपटून दाखवला. आता कॅसेट कॅमेऱ्यातच जाते, म्हणाले, तारच नाही. मी तो दिवस बायकांच्या पंगतीत बसून काढला. परत येताना बसमध्ये हे झोपले. मी जागी होते आणि तिच्याशी मनात भांडत होते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका गिऱ्हाइकाचे पाहुणे उमरग्याहून आले. त्यांना लग्नाची जादा प्रत त्याच दिवशी हवी होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. बाजारातून आणता आली असती, दुकान दहा मिनिटांवर होतं. मी वरच्या फळीवरची पहिली कॅसेट काढली आणि तिच्यावर ती प्रत उतरवली. तिच्या निळ्या साडीवर आधी एका अनोळखी मुलीची हळद आली, मग अक्षता. पाहुणे कॅसेट घेऊन निघून गेले. मला वाईट वाटलं नाही.

दुसरीच्या वेळी मी कारणही शोधलं नाही. सहा महिन्यांत सहा कॅसेटी गेल्या, कुठं चिटगुप्प्याला, कुठं हुमनाबादला, लोकांच्या शोकेसमध्ये. फळीवर मी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कॅसेटी लावून ठेवल्या. सातवी ठेवली, कारण तिच्यात ती सगळ्यात कमी दिसत होती.

तिची आई पूर्वी दरवर्षी उन्हाळ्यात एकदा येत असे. आम्ही तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचो. करजगीकडं कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात चालतं, तसं तिचं बोलणं होतं. माझ्या लग्नानंतर ती आली नव्हती, त्या वर्षी आली. शेंगा आणि ज्वारीच्या पापड्या आणल्या होत्या. माझ्या हातचं पाणी प्याली, मला जवळ बसवलं, आणि मग जावयाला म्हणाली की डोळे जायला लागलेत, पोरीचं तोंड आठवेनासं झालंय, एखादा फोटो असला तर द्या.

हे म्हणाले, “फोटू न्हाई, अव्वा. पर कॅसेटीत हाय ती.”

ते उठले आणि फळीकडं गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी पहिली कॅसेट लावली, त्यात बिदरचं कुठलं तरी बारसं. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी ते कॅसेट काढून तिच्या पाठीवर बघत आणि खाली ठेवत. माझ्याकडं एकदाही वळून बघितलं नाही. सातवी लावल्यावर पांढरं आलं. अव्वा म्हणाली, ह्ये काय, काहीच न्हाई की. मग कागद खाली यायला लागला आणि चित्र संपलं.

“पुना लावा,” अव्वा म्हणाली.

यांनी दहा-बारा वेळा लावलं. शेवटी चित्र थांबवायचा प्रयत्न केला. कागद वेगात खाली येत होता, त्यामुळं थांबवल्यावर तो नुसता फडफडत राहिला. एका अर्ध्यात कागद तिच्या ओठांवर, दुसऱ्या अर्ध्यात हनुवटीच्या खाली. हसू दिसायचं, झाकायचं, दिसायचं, झाकायचं. अव्वा डोळे चोळत म्हणाली की तिला गरगरतंय. यांनी आपल्या फोटो काढायच्या कॅमेऱ्यानं पडद्याचे फोटो काढले आणि दुपारीच धुऊन बघितले. काहींत ओठांवर कागदाची सावली पसरलेली, काहींत चेहऱ्यावरून तिरपा काळा पट्टा गेलेला. नाही होत, असं ते अव्वाला म्हणाले. मग पुष्कळ वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

ते कसं होईल हे मला त्या दुपारीच कळलं होतं. पडद्यावर दोन अर्धी आळीपाळीनं येत होती, प्रत्येक सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापुरतं. कॅमेऱ्याचा डोळा बरोबर तेवढाच वेळ उघडला तर त्यात एकच अर्धं सापडेल. यांच्या फोटोच्या कॅमेऱ्यावर तीस होतं, साठ होतं, पन्नास नव्हतं, आणि त्यात फिल्मपुढचा कापडी पडदा आडवा सरकायचा, पट्टा त्यामुळं यायचा. सासऱ्यांचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा, दोन भिंगांचा. त्याच्या चकतीवर पंचवीस, पन्नास, शंभर असे आकडे होते, आणि त्याची उघडझाप भिंगातच होती. मी तो पुसून ठेवायची म्हणून मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं आणि मी भाकरी थापत राहिले. आणखी काय करायचं त्या बाईसाठी, असं मनात म्हणत होते. मेल्यावरही सगळं घर तिच्याच तोंडाकडं बघत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाणगापूरला एका साखरपुड्याला गेले. अव्वाला त्यांच्याबरोबरच जाता आलं असतं, तिचं गाव तिकडंच. पण ती संध्याकाळच्या गाडीनं जाते म्हणाली. आम्ही दोघी जेवायला बसलो. ती तुकडा मोडून हळूहळू चावत होती. मला काय झालं कोण जाणे, घास तोंडाशी नेता नेता मी बोलून गेले.

“अव्वा, अजून सहा कॅसेटी होत्या. त्यात ती चांगली दिसायची. मी पुसल्या.”

तिला पुसल्या म्हणजे काय ते आधी कळलं नाही. मी सांगितलं. तिनं विचारलं की चुकून का. मी म्हटलं, नाही. मग तिनं ताटातली भाकरी संपवली, ताटात हात धुतला, पदराला पुसला.

“मला सवत होती,” ती म्हणाली. “जित्ती. एका चुलीवर सैपाक करायचो. धन्यानं तिला इरकल साडी आणली तर म्या ती चुलीत घातली.”

“मग?”

“मग काय. तिनं माझी घेतली आन् नेसली. धा वर्सं नेसली. म्या रोज बघायचे.” तिनं विचारलं, “जे उरलंय त्यातनं तुला काय काढता येतंय का?”

मी येतंय म्हटलं.

बाजारातून बारा फोटोंचा रोल आणला. खिडकीला घोंगडी लावली, काचेवर उजेड पडू नये म्हणून. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर पुस्तकांचा ढीग, त्यावर कॅमेरा. अव्वाला मी व्ही.सी.आर.पाशी बसवलं, चित्र फार वेळ थांबलं की मशीन आपोआप सुटायची, मग तिनं पुन्हा लावायचं. तिला बटण दोनदा दाखवावं लागलं, पुढं नीट जमलं. मी चकती पन्नासावर ठेवली आणि एकेक फोटो काढत गेले. माझ्या हातात एवढंच होतं. बटण दाबताना पडद्यावर कुठलं अर्धं असेल हे कुणाला सांगता येणार? दोन्हींच्या सीमेवर उघडलं तर कपाळ एका अर्ध्यातलं आणि हनुवटी दुसऱ्यातली येणार. म्हणून बाराही फोटो त्याच एका चित्राचे काढले. भिंगातून वाकून मी तिला इतका वेळ बघितलं की तिच्या डाव्या भुवईत एक केस नसलेली रेघ आहे, तीही मला पाठ झाली. लहानपणी जात्यावर पडली होती, अव्वानं सांगितलं.

अव्वा मग गाडीला गेलीच नाही. हे रात्रीचे आले, जेवले, झोपले. सकाळी मी रोल त्यांच्या हातात दिला आणि पडद्याचे आहेत एवढं सांगितलं. अंधाऱ्या खोलीतून ते ओली फिल्म धरूनच बाहेर आले आणि खिडकीशी उभे राहिले. बारातल्या पाचांत कागद ओठांवर होता, चारांत चेहरा मधोमध बदललेला. तिनांत ती पूर्ण होती. कागद हनुवटीखाली, हसू नुकतंच सुरू झालेलं, आणि डोळे सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे यांच्यात.

“पन्नासावर?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

ते मान हलवत राहिले. मग फिल्म वाळत घालून माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले की पहिली कॅसेट गेली तेव्हाच त्यांना कळलं होतं. ते अधूनमधून एखादी लावून बघत असत, किती उरल्यात हे मात्र मोजलं नव्हतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

“काय बोलू? ठेवल्या कामून म्हून तू इचारली असतीस.”

याचा मला आधार वाटायला हवा होता. पण मला राग आला. मी सहा महिने चोरी करत होते आणि हा माणूस गप्प बसून एकेकीला निरोप देत होता, म्हणजे तिथंही तो तिच्याबरोबरच होता, माझ्याबरोबर नाही. मी तसं बोलले, रडले, आणि अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी सातव्या कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी तोडली. ती तोडली की मशीन त्यावर नवं काही भरू देत नाही. हे बघत होते. त्यांनी ती कधीच तोडायला हवी होती. पण तोडली असती तर ठेवल्याचं कबूल करावं लागलं असतं.

फोटो मोठा करून, चौकट लावून अव्वाबरोबर करजगीला गेला. चेहऱ्यावर बारीक आडव्या रेघा आहेत, अर्ध्या ओळी नाहीत म्हणून. लांबून दिसत नाहीत.

पुढं दोन वर्षांनी अव्वाच्या नातवाच्या लग्नाला आम्ही करजगीला गेलो. शूटिंग यांचंच. या वेळी यांनी न विचारता मला बरोबर घेतलं, आणि दिवा धरायला दिला. नव्या कॅमेऱ्याला उजेड जास्त लागायचा. मी तो दिवसभर धरला, हात भरून आले. दुपारी ओसरीवर पाणी प्यायला बसले तर समोर भिंतीवर ती. पाहुण्या बायका फोटो बघत होत्या, केवढी बोलकी आली आहे म्हणत होत्या, कुणी काढला म्हणून विचारत होत्या. अव्वाला आता नीट दिसत नव्हतं. तिनं अंदाजानं माझ्या दिशेला हात केला.

“हिनं काढला. माझ्या दुसऱ्या लेकीनं.”

बायका माझ्याकडं वळल्या. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण इतक्या वर्षांत मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तिचा होता, आणि त्यात ती ज्याच्याकडं बघून हसत होती तो अंगणात उभा राहून मला दिवा घेऊन ये म्हणून हाक मारत होता. मी तांब्या खाली ठेवला आणि गेले.